दृष्टिहीन वाचकांसाठी दोन संगणक बसवायचेत: स्क्रीन रीडर, मराठी आवाज, टायपिंग, काय निवडावं?

शहादा_वाचनालय

राम राम मंडळी. शहाद्याला आमचं वाचनालय आणि त्याला लागून अभ्यासिका आहे. तिथे पूर्ण अंध वाचकांसाठी दोन संगणक वेगळे ठेवायचं ठरलंय. येणारे तीन तऱ्हेचे आहेत: स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली, कॉलेजचे विद्यार्थी, आणि दुकानाचा हिशेब संगणकावर ठेवायला शिकणारा एक तरुण. ब्रेल फक्त एकाला येतं.

एक संगणक जुना आहे, विंडोज ७, ४ जीबी रॅम. दुसरा घ्यायचाय. दुकानदाराने "अंधांसाठीचं पूर्ण पॅकेज" म्हणून बरीच मोठी रक्कम सांगितली, त्यात जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) आहे. काही जण म्हणतात की एनव्हीडीए हा फुकटातला स्क्रीन रीडर पुरतो. मराठी आवाजाचं काय, टायपिंग कोणत्या पद्धतीने शिकवावं, छापील नोट्स कशा वाचायच्या, हेही सांगा. जरा सविस्तर लिहा, समितीपुढे ठेवायचंय.

---

गिरणाकाठ

ताई, पॅकेजवर सही करू नका. तुमच्या तिन्ही गरजा एनव्हीडीएवर भागतात. पैसे चांगला संगणक, कीबोर्ड, हेडफोन आणि स्कॅनर यांवर घाला.

एनव्हीडीए २००६ मध्ये मायकल करन यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलं. मुक्त स्रोत आहे, वर्षातून अनेकदा नवी आवृत्ती येते. ते बनवणाऱ्या एनव्ही ॲक्सेस या संस्थेच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. तिथे डाउनलोड दाबलं की देणगीचं पान येतं आणि ते बघून लोकांना वाटतं की विकतच आहे. त्या पानावर "या वेळी देणगी नको" अशा अर्थाचा इंग्रजी पर्याय आहे, तो निवडला की फाइल उतरते. दुसऱ्या कुठल्या साइटवरून घेतलेल्या फाइलीसोबत भलतंसलतं येण्याचा धोका असतो.

जुन्या संगणकाचं आधी बघा. विंडोज ७ वर चालणारी एनव्हीडीएची शेवटची आवृत्ती २०२३.३.४ आहे. २०२४.१ पासून किमान विंडोज ८.१ लागतं. विंडोज ७ वर नवी आवृत्ती टाकायला गेलात तर ती बसणारच नाही आणि शिकवणाऱ्याला वाटेल सॉफ्टवेअर बिघडलंय. क्रोमच्या नव्या आवृत्त्याही विंडोज ७ वर येत नाहीत, त्यामुळे फॉर्म भरायला तो संगणक ठेवू नका. टायपिंगचा सराव, वर्ड, उतरवून ठेवलेली पुस्तकं एवढ्यापुरता ठीक.

नवा घेताना ८ जीबी रॅम आणि एसएसडी बघा. स्क्रीन रीडर स्वतः हलका असतो, पण ब्राउझर आणि वर्ड दोन्ही उघडे असताना हार्ड डिस्कवाला संगणक अडखळला की आवाज मागे पडतो. बटण दाबल्यावर अर्ध्या सेकंदाने अक्षर ऐकू आलं तर माणूस तेच बटण पुन्हा दाबतो आणि एकाच्या जागी दोन अक्षरं पडतात. डोळस माणसाला हा उशीर जाणवतही नाही. विंडोज ११ घ्या, १० चा मोफत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

कीबोर्ड पूर्ण आकाराचा, उजवीकडे आकड्यांचा भाग असलेला, एफ आणि जे वर ठसठशीत खुणा असलेला. फंक्शन बटणं चार-चारच्या गटात, मध्ये फट असलेली. सपाट, चिकटून बटणं असलेले फॅशनेबल कीबोर्ड बोटांना ओळखू येत नाहीत.

हेडफोन तारेचाच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो आणि थोडा वेळ शांतता झाली की पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर गिळलं जातं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये कूलर सुरू असतो, त्या घरघरीत स्पीकरवरचं बोलणं समजत नाही, म्हणून कान झाकणारे घ्या. तारेच्या हेडफोनवरही पहिलं अक्षर तुटत असेल तर एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओ विभागात, बोलणं संपल्यावर ध्वनी उपकरण किती वेळ जागं ठेवायचं याची सेकंदं वाढवा.

---

सातपुडा_पायथा

गिरणाकाठ भाऊंच्या मताशी बहुतेक सहमत आहे, पण जॉजची बाजूही समितीपुढे असू द्या.

जॉज जुना आणि भक्कम आहे, विंडोजसाठी १९९५ पासून. बँका, मोठी कार्यालयं यांच्या स्वतःच्या जुन्या प्रोग्रामांसाठी जॉजमध्ये स्क्रिप्ट लिहून घेता येते, त्यामुळे नोकरीच्या जागी कुणाला जॉज मिळालं तर ते नाकारू नये. परवाना नसताना तो ४० मिनिटं चालतो, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. म्हणजे तुमच्या वाचनालयात एक पैसा न देता दोन्ही टाकून बघता येतात. फक्त एका वेळी एकच सुरू ठेवा. दोघंही इन्सर्ट बटण आपलंच समजतात, दोन आवाज एकावर एक येतात आणि शिकाऊ माणूस गांगरतो.

ज्याला नोकरीत जॉज लागणार आहे त्याला एनव्हीडीएवर शिकवलं तरी वाया जात नाही. वेबपानावर एच ने पुढचं शीर्षक, टी ने तक्ता, बी ने बटण, ई ने लिहायची चौकट हे दोन्हीकडे जवळपास सारखं आहे. फरक याद्यांमध्ये: एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट+एफ७ ने दुवे, शीर्षकं, फॉर्मच्या चौकटी एकाच खिडकीत मिळतात. जॉजमध्ये एफ५ फॉर्मच्या चौकटींना, एफ६ शीर्षकांना, एफ७ दुव्यांना. आठवडाभरात हात बसतो.

विंडोजचा स्वतःचा नॅरेटरही विसरू नका. विंडोज+कंट्रोल+एंटर दाबलं की सुरू. रोजच्या कामाला एनव्हीडीएच बरं, पण नव्या संगणकावर एनव्हीडीए बसवेपर्यंत किंवा ते मध्येच गप्प झालं तर कुणा डोळस माणसाची वाट न बघता काम पुढे नेता येतं. हे एक बटण प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवा.

---

शहादा_वाचनालय

फार उपयोगी. एनव्हीडीए टाकून बघितलं. मराठी पान उघडलं की कधी नीट वाचतं, कधी एकेक अक्षर सुटं सुटं वाचतं, कधी गप्पच बसतं. आणि क्लासवाल्यांनी दिलेल्या वर्डच्या नोट्समध्ये मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा ऐकू येतोय. संगणकात दोष आहे का?

---

केळीबाग

संगणक ठीक आहे ताई. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचं कारण वेगळं.

आधी पान कधी नीट, कधी सुटं का ते. एनव्हीडीएसोबत ईस्पीक एनजी हा आवाज येतो आणि त्यात मराठी आहे. इन्सर्ट+कंट्रोल+एस दाबून ईस्पीक निवडलेलं आहे ना ते बघा. मग इन्सर्ट+कंट्रोल+व्ही दाबून आवाजाच्या सेटिंग्जमध्ये "व्हॉइस" या यादीत मराठी निवडा. आता त्याच खिडकीत खाली "ऑटोमॅटिक लँग्वेज स्विचिंग" अशी चौकट आहे. खरी मेख इथे आहे. प्रत्येक वेबपानात आतून भाषेची खूण असते. मराठी मजकुराच्या पानावर बनवणाऱ्याने खूण इंग्रजीची ठेवलेली असली, आणि असं सर्रास होतं, तर एनव्हीडीए आज्ञाधारकपणे इंग्रजी आवाजाकडे वळतं आणि तो इंग्रजी आवाज देवनागरी वाचू शकत नाही. ती चौकट रिकामी करा. मराठी ईस्पीक मध्ये आलेले इंग्रजी शब्द स्वतःच इंग्रजीप्रमाणे वाचतो, त्यामुळे नुकसान काही नाही. शेवटी इन्सर्ट+कंट्रोल+सी दाबून सेटिंग्ज जपा, नाहीतर सक्तीने बंद झालेल्या संगणकावर सगळं परत पहिल्यासारखं.

ईस्पीकचा आवाज यांत्रिक आहे. नव्या माणसाला तो पहिले काही दिवस कानाला खुपतो, आणि पालक तर हटकून म्हणतात, "हा काय आवाज!" तरी तोच ठेवा. बटण दाबताक्षणी बोलतो, वेग खूप वाढवला तरी अक्षरं तुटत नाहीत. विंडोजमधला हिंदी आवाज कानाला गोड आहे: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, स्पीच, तिथून हिंदी जोडता येतो आणि मग एनव्हीडीएमध्ये वनकोर (विंडोजच्या स्वतःच्या आवाजांचा संच) निवडला की हेमंत किंवा कल्पना मिळतात. पण तो मराठी मजकूर हिंदीच्या वळणाने वाचतो. कादंबरी ऐकायला चालेल, शुद्धलेखन तपासायला चालणार नाही. विकतचे आवाजही मिळतात, ते घेण्याआधी यादीत मराठी आहे का बघा आणि चाचणीच्या मुदतीत शंभर पानं ऐकून मगच पैसे द्या.

अहिराणीतलं लेखन वाचायचं असेल तर वेगळा आवाज शोधत बसू नका. देवनागरीत आहे, मराठी ईस्पीक व्यवस्थित वाचतो.

आता नोट्समधला कचरा. ती फाइल युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) नाही, कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये आहे. या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांचं चित्र मराठी काढलेलं असतं. उदाहरण घ्या: कृतिदेवमध्ये "मराठी" हा शब्द फाइलीच्या आत ई, जे, के, मोठा बी, एच असा साठवलेला असतो. ई चं चित्र म, जे चं र, के चा काना, मोठ्या बी चा ठ, एच ची दुसरी वेलांटी. डोळ्याला मराठी दिसतं, स्क्रीन रीडरला मिळतं ते इंग्रजी. तो जे मिळतं तेच बोलतो. कुठलाही आवाज, कितीही महाग स्क्रीन रीडर आणला तरी यात फरक पडत नाही.

खात्री करायची तर वर्डमध्ये त्या ओळीवर जाऊन इन्सर्ट+एफ दाबा, फाँटचं नाव बोलेल. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, डीव्हीबी असं काही ऐकलं की समजायचं. मग त्या फाँटचं नाव देऊन युनिकोड रूपांतरक शोधा, मजकूर त्यात टाका, निघालेला मजकूर नव्या फाइलीत चिकटवा. फाँटच्या प्रत्येक प्रकाराची अक्षररचना वेगळी असते, त्यामुळे कृतिदेवचा रूपांतरक शिवाजीला लावला तर नवाच कचरा होतो. रूपांतरानंतर तीन ठिकाणं हमखास बिघडतात: पहिली वेलांटी, रफार, आणि मध्ये आलेले खरे इंग्रजी शब्द व आकडे. कारण रूपांतरक इंग्रजी शब्दालाही मराठीचं चित्र समजून बदलून टाकतो. म्हणून इंग्रजी परिच्छेद आधी बाजूला काढून ठेवायचे.

क्लासवाल्यांना मात्र सांगाच की यापुढे युनिकोडमध्ये टाइप करा. रूपांतर हा दरवेळचा उपाय होऊ शकत नाही.

---

गिरणाकाठ

केळीबाग ताईंनी मुळावर बोट ठेवलं. एक जोडतो. मराठी आणि इंग्रजी दोन्हींचं काम सतत लागणाऱ्याने इन्सर्ट+कंट्रोल+पी दाबून दोन प्रोफाइल (सेटिंग्जचे संच) बनवावीत, एकात मराठी आवाज आणि जरा कमी वेग, दुसऱ्यात इंग्रजी आवाज. मग प्रेफरन्सेसमधल्या इनपुट जेश्चर्समध्ये प्रत्येक प्रोफाइलला एकेक शॉर्टकट. एका दाबात आवाज बदलतो.

टायपिंगबद्दल माझं ठाम मत: इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड रचना. उच्चारानुसार इंग्रजीतून मराठी लिहिण्याच्या पद्धतीत बऱ्याचदा सुचवण्यांची यादी उघडते, त्यातला योग्य शब्द निवडावा लागतो. ती यादी स्क्रीन रीडर कधी वाचतो, कधी नाही. इन्स्क्रिप्टमध्ये एक बटण म्हणजे एक अक्षर, यादी नाही, अंदाज नाही. जे दाबलं ते आणि तेच.

बसवायचं असं: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, "ॲड अ लँग्वेज", त्यात मराठी. "विंडोजची भाषा हीच करा" अशा अर्थाची चौकट रिकामी ठेवा, नाहीतर सगळे मेनू बदलतील. कीबोर्डच्या यादीत "मराठी फोनेटिक" नव्हे, नुसतं "मराठी" घ्या. विंडोज+स्पेस ने भाषा बदलते आणि एनव्हीडीए ती बोलून दाखवतं.

रचना बोटांना पटकन समजते. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. खुणेच्या एफ वर पहिली वेलांटी, खुणेच्या जे वर र. के वर क, एल वर त, आय वर ग, ओ वर द. डी वर हलंत, म्हणजे पाय मोडायचं बटण. सगळी जोडाक्षरं याच डी ने होतात: क, डी, त दाबलं की क्त. शिफ्टसोबत बहुतेक ठिकाणी त्याच अक्षराचा जोडीदार मिळतो, क वर ख, त वर थ, ग वर घ. ळ हा शिफ्ट+एन वर, ष शिफ्ट+स्वल्पविराम वर. क्ष हवा तर के, डी, शिफ्ट+स्वल्पविराम. शिकणारे सगळ्यात जास्त अडतात ते "दुसऱ्या", "तऱ्हा" अशा शब्दांत. तिथे साधा र नको, शिफ्ट+जे वरचा र घ्यायचा, मग डी, मग य किंवा ह. साधा र घेतला तर रफार होतो आणि शब्दच बदलतो.

सरावाच्या वेळी इन्सर्ट+२ ने अक्षरं बोलणं आणि इन्सर्ट+३ ने शब्द बोलणं चालू-बंद होतं. पहिले काही दिवस दोन्ही चालू. हात बसला की अक्षरं बंद, फक्त शब्द. नाहीतर वेग वाढतच नाही, कारण माणूस प्रत्येक अक्षर ऐकून मग पुढचं दाबायला लागतो.

टायपिंगच्या शासकीय परीक्षेला बसणार असतील तर आधी त्या परीक्षेतली कीबोर्ड रचना विचारून घ्या आणि मगच सराव सुरू करा.

---

तापीखोरं

स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी छापील नोट्स आणि पीडीएफचा मुद्दा राहिला. यात खूप जण चुकीच्या जागी वेळ घालवतात.

पीडीएफ तीन प्रकारची असते. पहिली: नीट मजकूर असलेली, सरळ वाचली जाते. दुसरी: नुसतं चित्र, एनव्हीडीए "रिकामं" म्हणतं. तिसरी सगळ्यात फसवी: मजकूर आहे, पण मराठीची जुळणी आत विस्कटलेली आहे. वेलांटी आधीच्या अक्षराला चिकटते, जोडाक्षर गायब होतं, मध्येच चौकोन येतात. ऐकताना वाटतं आवाज खराब आहे. आवाजाला बोल लावू नका, अशी फाइलही चित्र समजूनच ओळखून घ्यायची.

एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट+आर ने विंडोजचं अक्षरओळख साधन चालतं, पण ते देवनागरीला चालत नाही. इंग्रजी पत्र, एखादं इंग्रजी बटण एवढ्यापुरतं ठेवा. मराठीसाठी दोन मार्ग आहेत. पहिला, फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा, तिच्यावर शिफ्ट+एफ१० दाबून "ओपन विथ" मधून गूगल डॉक्स निवडा. नव्या दस्तऐवजात चित्राखाली मजकूर येतो. गूगलच्याच सूचनेप्रमाणे फाइल २ एमबीपर्यंत असावी, म्हणून जाड पुस्तकाचे आठ-दहा पानांचे तुकडे करून चढवा. डॉक्समध्ये कंट्रोल+अल्ट+झेड ने स्क्रीन रीडरचा आधार चालू करायला विसरू नका.

दुसरा मार्ग इंटरनेटशिवायचा: नॅप्स२ हा मोफत स्कॅनिंग प्रोग्राम. त्याच्या आत टेसरॅक्ट हे अक्षरओळख साधन चालतं, त्यात मराठी आहे. भाषा एकदा उतरवून ठेवायची, मग स्कॅन करताना शोधता येईल असा मजकूर असलेली पीडीएफ तयार होते. नंदुरबारच्या आतल्या भागात नेट दिवसभर नसेल तिथे हाच खरा आधार.

स्कॅन ३०० डीपीआयवर, करड्या छटांमध्ये. शुद्ध काळा-पांढरा निवडला तर बारीक शिरोरेघ तुटते आणि म चा भ, घ चा ध होतो. रंगीत निवडला तर फाइल फुगते, फायदा काही नाही. पुस्तक काचेवर सपाट दाबा, मधल्या शिवणीपाशी वाकलेल्या ओळी हमखास चुकतात. दोन रकान्यांचं पान असेल तर एकेक रकाना वेगळा घ्या, नाहीतर डाव्या रकान्याची अर्धी ओळ आणि उजव्याची अर्धी ओळ जोडून वाचलं जातं. आकडे मात्र डोळस माणसाकडून एकदा तपासून घ्या. इतिहासाच्या नोट्समध्ये १८५७ चा १८५१ झालेला स्क्रीन रीडरवर ओळखता येत नाही, तो पूर्ण विश्वासाने चुकीचा आकडा वाचतो.

आणि पुस्तक स्कॅन करायच्या आधी सुगम्य पुस्तकालयात शोधा. २०१६ मध्ये सुरू झालेलं छपाई न वाचू शकणाऱ्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, सभासदत्व घ्यावं लागतं. तिथली पुस्तकं वाचायला थोरियम रीडर मोफत आहे, ईपब आणि डेझी या दोन्ही प्रकारची ई-पुस्तकं उघडतो.

ज्याला ब्रेल येतं त्याच्यासाठी: एनव्हीडीएच्या ब्रेल सेटिंग्जमध्ये मराठीचं कोष्टक आहे. ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर उठावाच्या ठिपक्यांत दाखवणारं उपकरण) महाग पडतो, लगेच घेऊ नका, पण पुढे मिळाला तर सॉफ्टवेअर बदलावं लागणार नाही.

---

शहादा_वाचनालय

हिशेबवाल्या तरुणासाठी कोणतं सॉफ्टवेअर? दुकानदार आपलंच सुचवतोय, म्हणतो "सगळं चालतं".

---

सातपुडा_पायथा

दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, दहा मिनिटांत स्वतः तपासा. हिशेबाचं असो, क्लासचं असो, कुठलंही सॉफ्टवेअर असो, घेण्याआधी हेच करायचं.

माऊस काढून बाजूला ठेवा. एनव्हीडीए सुरू करा. प्रोग्राम उघडून टॅब दाबत जा. प्रत्येक थांब्याला तीन गोष्टी ऐकू आल्या पाहिजेत: नाव, प्रकार, आत काय आहे. "ग्राहकाचं नाव, लिहायची चौकट, रिकामी" असं. नुसतं "चौकट" ऐकू आलं तर अंध माणसाला तिथे काय लिहायचं ते कळणार नाही. काहीच ऐकू आलं नाही, तर विषय संपला. मग एक खोटी नोंद करा आणि मुद्दाम चूक ठेवा, तारीख रिकामी सोडा. जतन केल्यावर चुकीचा इशारा बोलला जातो का? इथे निम्मे प्रोग्राम नापास होतात. इशारा लाल अक्षरात कोपऱ्यात येतो आणि वापरणाऱ्याला वाटतं नोंद झाली. पुढे नोंदींच्या यादीत बाणाच्या बटणांनी खाली-वर करा, ओळ बोलते का ते बघा. शेवटी अहवाल काढा आणि तो एक्सेलमध्ये नेता येतो का बघा. तुम्ही डोळसांनी ही तपासणी केली तर नकळत पडद्याकडे बघून अंदाज लावाल, म्हणून इन्सर्ट+कंट्रोल+एस्केप दाबून पडदा काळा करा. तेच परत दाबलं की उजेड.

नापास होण्याचं कारण बहुधा एकच. प्रोग्रामने बटणांची, चौकटींची नावं विंडोजला सांगायची असतात, स्क्रीन रीडर ती विंडोजकडून घेतो. ज्या प्रोग्रामात सगळा पडदा स्वतःच चित्रासारखा रंगवलेला असतो तिथे विंडोजकडे सांगायला काही नसतं. अशा वेळी जॉज घेतला तरी आपोआप काही बोलत नाही. जावात बनलेला प्रोग्राम गप्प असेल तर मात्र एक उपाय आहे: कंट्रोल पॅनलच्या ईझ ऑफ ॲक्सेस सेंटरमध्ये "डिस्प्लेशिवाय संगणक वापरा" या इंग्रजी पर्यायात तळाशी जावा ॲक्सेस ब्रिजची चौकट आहे. ती निवडून प्रोग्राम पुन्हा उघडा.

तोवर त्या तरुणाला एक्सेलवर बसवा. छोट्या दुकानाची उधारी, जमा-खर्च, मालाचा साठा एक्सेलमध्ये उत्तम बसतो. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं लिहा: तारीख, नाव, नावे, जमा, शिल्लक. नावांच्या पहिल्या घरात उभं राहून इन्सर्ट+शिफ्ट+सी दाबा. आता खाली कुठेही डावी-उजवीकडे गेलं की "जमा, ५००" असं रकान्याच्या नावासह बोलतं, आणि ही खूण फाइलीत जपली जाते. हे केलं नाही तर शंभराव्या ओळीवर नुसतं "५००" ऐकू येतं आणि ते जमा की नावे हे आठवायला परत वर जावं लागतं. दोन गोष्टी टाळा: घरं एकत्र जोडणं, आणि "थकलेली उधारी लाल रंगात" असल्या रंगांच्या खुणा. त्याऐवजी एक रकाना वाढवून त्यात "थकीत" असा शब्द लिहा, म्हणजे गाळणी लावून तेवढीच नावं काढता येतील.

---

केळीबाग

एकाच संगणकावर अनेक जण बसणार असतील तर प्रत्येकाला एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर करून द्या. टूल्स मेनूत "क्रिएट पोर्टेबल कॉपी". प्रत्येकाचा वेग, आवाज, शॉर्टकट त्याच्या पेनड्राइव्हवर राहतात, आणि सायबर कॅफेतही तोच पेनड्राइव्ह चालतो. मर्यादा एवढीच की विंडोज परवानगी विचारते तो पडदा पोर्टेबल प्रत वाचत नाही, आणि विंडोजच्या प्रवेशाच्या पडद्यावरही चालत नाही. म्हणून संगणकावर बसवलेली प्रत हवीच. तिच्या जनरल सेटिंग्जमध्ये साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए वापरा ही चौकट भरा.

शिकवणारा माणूस जळगाव किंवा धुळ्याला असेल तर २०२५.१ पासून एनव्हीडीएमध्येच दूरवरून मदतीची सोय आहे. टूल्समध्ये रिमोट ॲक्सेस, दोघांनी एकच सांकेतिक शब्द टाकायचा, झालं. यात आवाज पाठवला जात नाही, फक्त बोलायचा मजकूर जातो, त्यामुळे मोबाइलच्या कमकुवत नेटवरही चालतं. तुमच्या विंडोज ७ वाल्या संगणकावर ही सोय नाही.

---

शहादा_वाचनालय

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीने पॅकेज रद्द केलं, नवा संगणक, कीबोर्ड, हेडफोन आणि स्कॅनर मंजूर झाला. एक लहान अडचण: काल रात्री साफसफाई करताना कुणीतरी डेस्कटॉपवरची चिन्हं काढली, आज सकाळपासून कंट्रोल+अल्ट+एन दाबून एनव्हीडीए सुरूच होत नाही. परत बसवू का?

---

गिरणाकाठ

बसवायची गरज नाही. तो शॉर्टकट डेस्कटॉपवरच्या चिन्हालाच बांधलेला असतो, चिन्ह गेलं की शॉर्टकट गेला. आत्ता विंडोज+आर दाबून इंग्रजीत एनव्हीडीए लिहा आणि एंटर करा, सुरू होईल. मग स्टार्ट मेनूत एनव्हीडीए शोधा, तिथून "ओपन फाइल लोकेशन" करून तो शॉर्टकट कॉपी करा आणि डेस्कटॉपवर चिकटवा. त्याच्यावर अल्ट+एंटर, "शॉर्टकट की" च्या चौकटीत नुसतं एन दाबा, कंट्रोल+अल्ट आपोआप लागतं. सफाई करणाऱ्यांना सांगा, डेस्कटॉपवर दुसरं काहीही काढा, हे चिन्ह राहू द्या.